फायबरात करंट नसतो, मग झटका बसला कुठून? डिचोली तालुक्यातल्या एका कनेक्शनचं प्रकरण

चतुर्थीच्या आधीचे आठ-दहा दिवस गोव्यात इंटरनेटवाल्या पोरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली मंडळी गावच्या घरी यायची असतात, लॅपटॉप सोबत असतो, सुट्टी दोनच दिवसांची मिळालेली असते आणि बाकीचे दिवस घरून काम करतो असं साहेबाला सांगून ठेवलेलं असतं. मग गावी काकांना फोन जातो, काका केबलवाल्याला फोन करतात, केबलवाला कंत्राटदाराला, आणि कंत्राटदार भर पावसात दोन पोरांना स्कूटरवरून पाठवतो. हे प्रकरण अशाच एका कनेक्शनचं आहे. गाव डिचोली तालुक्यातलं, नाव देत नाही, कंपनीचं आणि कंत्राटदाराचंही देत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील.

मी ओएफसीच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबलच्या कामात आहे. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, नंतर कंत्राटदाराने "जरा बघून सांगा नक्की काय झालं" म्हणून बोलावलं, तेव्हा जागा बघितली, दोन्ही पोरांशी बोललो, घरच्या काका-काकींशी बोललो आणि त्यावरून हे जुळवलंय.

काय झालं

घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. पुढे ओसरी, आणि ओसरीच्या पुढे अलीकडेच घातलेली पत्र्याची शेड, लाकडी वाशांवर. चतुर्थीला माणसं येणार, चपला-गाड्या भिजू नयेत म्हणून. रस्त्याच्या पलीकडे विजेचा लोखंडी खांब, त्याच खांबावर खाली केबलवाल्यांचा जेसी बॉक्स (केबलचे जोड ठेवायचा डबा), आणि तिथून रस्ता ओलांडून ड्रॉप केबल, म्हणजे खांबावरून घरात जाणारी शेवटची केबल, शेडपर्यंत आणायची, शेडला बांधायची, मग ओसरीतून आत. अर्ध्या तासाचं काम. असल्या कामाला कोणी काम पण म्हणत नाही.

पोरं दोन. मोठा दोडामार्गकडचा, चार-पाच वर्षं हेच करतोय, स्प्लायसिंगचा, म्हणजे फायबरची टोकं मशीनने जोडायचा हात चांगला. धाकटा सत्तरीतला, नवीन. धाकट्याने आधी घरात बसून पिगटेलचं (एका टोकाला पिन असलेल्या छोट्या फायबरचं) स्प्लायसिंग उरकून घेतलं, ओसरीत जमिनीवरच मशीन मांडून. मग बाहेरचं काम. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, पोरं बेफिकीर नव्हती. घराची सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरला येणारी विजेची वायर) शेडच्या जवळून जाते हे मोठ्याने बघितलं आणि काकांना सांगितलं, "काका, मेन बंद करा हां." काकांनी मीटरकडे जाऊन कटआउट (मेनचा फ्यूज) उपसला आणि हातात घेऊन दाखवला पण. दहातली नऊ पोरं एवढंही करत नाहीत.

धाकटा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहिला, केबलच्या टोकाचं वरचं कव्हर सोललं, आतली स्टीलची तार मोकळी केली आणि ती पत्र्याच्या जे-हुकला तीन-चार वेढे देऊन पिळली. मोठा अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवरून खांबावर होता. केबल ओढून त्याने झोळ काढला, आपल्याकडचं टोक पकडीने सोललं, पकडीच्या मुठीला रबर होतं म्हणून तेव्हा काही जाणवलं नाही, मग उघडी स्टीलची तार उजव्या हातात धरून क्लॅम्पमध्ये घालायला गेला आणि डावा हात लोखंडी क्लॅम्पवर टेकला. तिथेच झटका. या हातातून आत, छातीतून, त्या हातातून खांबात. तो मागे फेकला गेला आणि दहा-बारा फुटांवरून रस्त्याकडेच्या गटाराजवळ पडला. मनगट मोडलं, कोपर सोललं. डोकं चिऱ्याच्या बांधापासून हातभर लांब पडलं म्हणून हे प्रकरण मी अशा सुरात लिहू शकतोय.

पुढचे दोन मिनिटं मला झटक्यापेक्षा जास्त वाईट वाटतात. मोठ्याच्या हातातून सुटलेली केबल रस्त्यावर आडवी पडली, सोललेलं टोक पाण्याच्या डबक्यात. धाकटा खुर्चीवरून उडी मारून धावला आणि पहिला हात त्याच केबलला घालायला निघाला, बाजूला करायला. काकी दारातून ओरडल्या, "हात लावूं नाका रे ताका!" आणि तो थांबला. काका मेन बंद करायला धावले, तर मेन आधीच बंद, कटआउट त्यांच्या खिशात! म्हणजे वीज येतेय कुठून हे कोणालाच कळेना. मग कोणाचं तरी लक्ष वर गेलं. हॉलमधला पंखा फिरत होता. सगळा वेळ फिरतच होता.

इन्व्हर्टर.

वीज आली कुठून

शेडमध्ये चतुर्थीसाठी एलईडीची माळ सोडलेली होती. माळेची वायर कमी पडली म्हणून जोड दिलेला, दोन तारांना पीळ आणि वर काळी टेप. वायरला जोड दिला की टेप गुंडाळली म्हणजे झालं असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, पण ऑगस्टमधल्या गोव्याच्या हवेत त्या टेपचा डिंक आठवड्यात सुटतो. माळ काकांनी काढून ठेवली होती ती मी बघितली, टेपच्या घडीतून तांब्याची एक केसाएवढी तार बाहेर आलेली. तो जोड नेमका पत्र्याच्या कडेला टेकून होता. पत्रा लाकडी वाशांवर, म्हणजे जमिनीशी त्याचा कुठेच संबंध नाही, त्यामुळे तो जिवंत होऊन बसला तरी फ्यूज उडत नाही, काही होत नाही, आणि पत्र्याला हात कोण लावतो? किती दिवस तसा होता देव जाणे.

माळेचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर. साहजिक आहे, चतुर्थीच्या रात्री लाइट गेली तर गणपतीसमोर अंधार नको. आता कटआउटचं गणित बघा. कटआउट काढला की फक्त फेज तुटतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, आणि तो न्यूट्रल पलीकडे ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीत अर्थ केलेला असतो. मेन गेली हे कळल्याबरोबर इन्व्हर्टर बॅटरीवरून आपला फेज सुरू करतो आणि न्यूट्रल तोच जुना वापरतो. म्हणजे जमिनीवर किंवा लोखंडी खांबावर उभ्या माणसाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, पत्र्यात आधी वीज खात्याचे २३० व्होल्ट होते, आता बॅटरीचे जवळपास तेवढेच. काकांच्या हातातल्या कटआउटने फक्त सगळ्यांचा भरवसा वाढवला.

घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप लाइन तोडणारा स्विच, नव्हता. असता आणि इन्व्हर्टरच्या लाइनलाही लागू पडेल असा जोडलेला असता तर ३० मिलिअँपिअर गळती झाली की तो पडला असता. अंदाज यावा म्हणून सांगतो, १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, आणि ओल्या कातडीच्या माणसाचा रोध ढोबळ हिशेबाला हजार ओहम धरतात. २३० भागिले हजार म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. तो वाचला त्याचं कारण जोडातली ती एक बारीक तार, गंजलेला पत्रा, आणि मुख्य म्हणजे पडला आणि संपर्क तुटला. धाकट्याला हुक पिळताना काही झालं नाही कारण तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रबरी चपला घालून होता. खुर्ची नसती, पोरगा ओल्या मातीत उभा राहून उंच हात करून हुकला पोचला असता, तर हे प्रकरण त्याच्यापासून सुरू झालं असतं.

मूळ कुठे आहे

हॉस्पिटलातून आल्यावर मोठ्याला विचारलं, टेस्टर खिशात होता ना? होता. लावला का नाही? म्हणाला, "भाऊ, फायबर असा, त्यात करंट खय असता?"

माझ्या मते अख्खं प्रकरण या एका वाक्यात आहे. वाक्य खोटं नाही, म्हणून तर जास्त घातक आहे. काचेत वीज नसते, उजेड असतो. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉन, बाहेरची काच १२५ मायक्रॉन, त्यावर प्लॅस्टिकचा थर देऊन २५०, आणि यातलं काहीही वीज वाहून नेत नाही. पण आपण खांबावर चढून काच ओढत नाही, केबल ओढतो. आणि आपल्याकडच्या स्वस्त ड्रॉप केबलमध्ये ताण सहन करायला स्टीलची तार असते, मोठ्या केबलमध्ये उंदीर-घुशींपासून वाचवायला स्टीलचं आर्मर असतं. म्हणजे खांबापासून घरापर्यंत आपण एक अखंड स्टीलची तार टांगतो, विजेच्या तारांच्या खालून, आणि मनात धरून चालतो की काच टांगतोय. विजेचं काम करणारा माणूस तारेला हात लावायच्या आधी दहादा बघतो कारण त्याला भीती असते. आमच्या धंद्यात ती भीतीच नाही. फायबर सेफ, फायबर सेफ असं इतकं ऐकलंय की त्याच्या भोवतीचं सगळं सेफ वाटायला लागतं: खांब, शिडी, पत्रा, डबकं, सगळं.

ही स्टीलची तार दुसऱ्या बाजूनेही घात करते. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कडाडतात तेव्हा जवळपास कुठेही वीज पडली तर तो लोट तारेवरून थेट घरात येतो, राउटर जळतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. तार घरात शिरायच्या आधी तोडायची असते, आत फक्त फायबर न्यायचा. ते दोन मिनिटांचं काम कोणी करत नाही कारण तार आत घेतली की खिळ्याला गुंडाळायला बरी पडते!

खांबावरची वीज

या केसमध्ये वीज घरातून आली, पण खांबावर जी होती ती पण डोक्यावर तीन-चार फुटांवरच होती हे विसरून चालणार नाही. एलटी लाइन, म्हणजे घरांना वीज देणारी कमी दाबाची लाइन, तिच्यात दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, फेज आणि जमीन यांच्यात २३०, आणि काही खांबांवर त्याच्याही वर ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या तारा. ११ केव्हीला हात लागायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. अ‍ॅल्युमिनियमची शिडी उभी करताना वरचं टोक कुठे जातंय हे खालून कळत नाही. फायबरग्लासची शिडी महाग पडते म्हणून कोणी घेत नाही, तर निदान विजेच्या खांबावर अ‍ॅल्युमिनियम नको, बांबूची परवडली, ती पण कोरडी असेल तर.

शिवाय दुसऱ्याच्या खांबावर चढायचं म्हणजे त्या खात्याला कळवून, लाइन बंद करून घेऊन. इथे तसं काही केलेलं नव्हतं आणि कोणी करतही नाही. उलट गावात लाइट गेली की पोरं म्हणतात "लाइट गेलीय, पटकन उरकून घेऊया". हे वाक्य माझ्या हिशेबाने "फायबरात करंट नसतो"च्या खालोखाल वाईट. लाइट गेली की अर्ध्या वाडीत जनरेटर आणि इन्व्हर्टर चालू होतात, एखाद्याने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर सरळ घराच्या वायरिंगला जोडलेला असतो, आणि त्याची वीज उलटी फिरून लाइनवर येते. वीज खात्याचा अनुभवी लाइनमन म्हणूनच लाइन बंद करूनसुद्धा आधी टेस्ट करतो, मग तारा अर्थ करतो, मग हात लावतो.

रस्ता ओलांडणाऱ्या केबलची उंची हा आणखी एक विषय. विजेच्या एलटी तारेला रस्ता ओलांडताना निदान ५.८ मीटर उंची लागते असा नियम आहे. फायबर त्या तारांच्या खालून जातो, त्यामुळे तो आपोआपच खाली येतो, आणि पोरं झोळ ठेवतात तो वेगळा. मग खनिजाचा ट्रक नाहीतर गवताने भरलेला टेम्पो आला की केबल अडकते, ओढली जाते, आणि दोन्हीकडचं टोक उपटतं. खांबावर कोणी असेल तर तो सुद्धा येतो खाली. इथे त्या वेळात गाडी आली नाही एवढंच.

बेल्टवरून वाद

हे लिहावं की नाही विचार करत होतो, पण पोरांमध्ये यावरच सगळ्यात जास्त चर्चा झाली म्हणून लिहितो. मोठ्याने बेल्ट लावला नव्हता. आणि आता तो आणि बाकीची पोरं म्हणतात की बरंच झालं, बेल्ट असता तर खांबालाच लटकून राहिला असता, तार हातात, आणि मेला असता. ऐकायला पटतं. कंत्राटदाराला पण पटलं होतं, त्याला तर फुकटच झालं, बेल्ट घ्यायलाच नको!

मी त्यांना एवढंच विचारलं की आजवर खांबावरून पडलेले किती जण तुम्हाला माहीत आहेत आणि त्यातल्या किती जणांना झटका बसला होता. बहुतेक सगळे नुसते घसरून पडलेले, शिडी सरकून, पावसात शेवाळलेल्या खांबावरून, गांधीलमाशी चावून. झटक्यावरचा उपाय टेस्टर आहे, पडण्यावरचा उपाय बेल्ट, एकाचा वापर केला नाही म्हणून दुसरा वाईट ठरत नाही. आणि बेल्ट म्हणजे तो कमरेचा जुना पट्टा नव्हे, त्याने लटकलेल्या माणसाचा कणाच मोडायचा, फुल बॉडी हार्नेस, मांड्या आणि खांद्यांवरून घेतलेला. शिडी चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर अशा उताराने, वरचं टोक खांबाला बांधलेलं, आणि खाली एक माणूस फक्त शिडी धरायला. या दिवशी खालचा माणूस शेडमध्ये खुर्चीवर होता, कारण माणसंच दोन. तिसरा माणूस पाठवणं कंत्राटदाराला परवडत नाही असं तो म्हणतो, त्यावर पुढे येतो.

आजीची टाच

झटक्याच्या गडबडीत ओसरीतलं स्प्लायसिंग सगळे विसरले. धाकट्याने क्लीव्हरने कापलेले फायबरचे तुकडे जमिनीवरच सोडले होते, आवरायच्या आधीच बाहेर हे सगळं झालं. काकींनी संध्याकाळी नेहमीसारखा केर काढला. दोन दिवसांनी घरातल्या आजींच्या टाचेत कुसळ गेल्यासारखं टोचायला लागलं, दिसत काही नाही, पाय टेकवत नाही. चतुर्थीचं घर, सगळे अनवाणी, लहान पोरं त्याच ओसरीत रांगतात.

१२५ मायक्रॉनचा पारदर्शक तुकडा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर, दिसणार कसा? कातडीत शिरला की मोडतो, आणि इतका बारीक तुकडा एक्स-रेत दिसेलच असं नाही. आजींचा शेवटी डॉक्टरांनी भिंगाखाली काढला. झाडूने हे तुकडे जात नाहीत, उलट पसरतात आणि झाडूत अडकून दुसऱ्या खोलीत जातात. चिकटपट्टी जमिनीवर दाबून उचलायचे. पण खरं म्हणजे पडूच द्यायचे नाहीत, खाली काळा कागद किंवा गडद रंगाची मॅट घालायची म्हणजे तुकडा उठून दिसतो, आणि प्रत्येक तुकडा कापल्याबरोबर झाकणाच्या बाटलीत. पाण्याची रिकामी बाटली चालते, फक्त वर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात पाणी भरून पिईल. मशीनजवळ चहा-भजी नको, हे तर धाकट्याला दहादा सांगावं लागतं. घरातल्या लोकांनी आपुलकीने चहा आणून दिला तर लांब ठेवा, हात धुवा, मग प्या. फायबर धरलेल्या बोटाने डोळा चोळला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको, चष्मा त्यासाठीच असतो.

स्प्लायसिंग मशीनबद्दल दोनच गोष्टी. त्यातला आर्क हजारो व्होल्टचा असतो आणि फायबर पुसायचं अल्कोहोल आपल्या हवेत केव्हाही पेट घेऊ शकतं, तर बाटली उघडी ठेवून शेजारी आर्क मारू नका. आणि गॅस साठलेल्या मॅनहोलमध्ये मशीन न्यायचंच नाही, केबल वर ओढून घ्यायची आणि वर बसून जोडायची. मॅनहोल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे एवढंच की आतला सडका वास थोड्या वेळाने येईनासा झाला तर गॅस गेला असं समजू नका, नाक बधिर झालेलं असतं, आणि आत पडलेल्याला काढायला उतरणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो.

डोळ्यांबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. या घरात तसं काही झालं नाही, फक्त काकांचा नातू लाल लाइटचं (फायबर कुठे तुटलाय ते शोधायच्या पेनचं) टोक डोळ्याला लावून "उजेड येतो का" बघत होता, धाकट्याने हटवलं. घरापर्यंत येणारा जीपॉनचा (घरगुती फायबर इंटरनेटच्या पद्धतीचा) उजेड साधारण उणे २० डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग, त्याने डोळे जात नाहीत. पण तो १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. केबल टीव्हीच्या ईडीएफएतून (फायबरमधला उजेड वाढवणाऱ्या यंत्रातून) २० डीबीएम निघत असेल तर ते १०० मिलिवॅट झाले, तिथे डोळा लावणं किंवा भिंगाच्या स्कोपने चालू फायबर बघणं म्हणजे जुगार. आणि बाजारात मिळणारे १०, २०, ३० मिलिवॅटचे लाल लाइट पेन तर सरळ डोळ्यात मारू नयेत असेच असतात. मीटरने बघा, डोळ्याने नको.

झाल्यावर काय करायला हवं होतं

पहिल्यांदा घरातली सगळी वीज बंद, आणि सगळी म्हणजे इन्व्हर्टरचा स्विच धरून. तोपर्यंत पडलेल्या माणसाला नाही, केबलला नाही, डबक्याला नाही, कशालाच हात लावायचा नाही. मग १०८. श्वास चालू नसेल तर छाती दाबायला सुरुवात, अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. या केसमध्ये मोठा शुद्धीवर होता, बोलत होता, आणि लोकांनी त्याला काखेत हात घालून उभं केलं, पाणी पाजलं, पिकअपमध्ये बसवलं. उंचावरून पडलेल्या माणसाला असं उठवायचं नसतं, मानेला-पाठीला मार असेल तर उभं केल्यानेच अधू व्हायचा. आणि मनगटाला प्लास्टर घालून लगेच घरी सोडा म्हणून तो मागे लागला होता तेही चूक, झटका हातातून हातात गेलाय म्हणजे छातीतून गेलाय, ईसीजी काढल्याशिवाय हलायचं नाही. तिथल्या डॉक्टरांनी काढला, रात्रभर ठेवून घेतलं.

पैसा

पोरांना पगार नाही. कनेक्शनमागे पैसे. चतुर्थीच्या आधी दिवसाला जेवढी कनेक्शनं तेवढी कमाई, आणि तीच पुढच्या रिकाम्या दिवसांची बेगमी. अशा हिशेबात टेस्टर लावायला लागणारा अर्धा मिनिट, घरात फिरून "इन्व्हर्टर आहे का" विचारायला लागणारी पाच मिनिटं, तिसरा माणूस, हे सगळं पोरांच्याच खिशातून जातं. कंत्राटदार म्हणतो मला वरून तेवढाच रेट मिळतो. वरचे म्हणतात आम्ही सेफ्टीचा कागद सही करून घेतलाय. कागद मी बघितला, इंग्रजीत, आणि सही करणाऱ्याने काय सही केलं ते त्याला माहीत नाही. पोराचा विमा नव्हता. मनगट बरं होईपर्यंत दोन-अडीच महिन्यांची कमाई बुडाली, कंत्राटदाराने दवाखान्याचा खर्च दिला आणि वर थोडे पैसे, तेही उपकार केल्यासारखे.

खाली खणायच्या कामाला निदान काहीतरी व्यवस्था उभी राहिलीय, मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं, खणायच्या आधी तिथे कळवलं की जमिनीखाली कोणाची केबल-पाइप आहे ते त्या त्या खात्याला समजतं. वरून टांगायच्या कामाला असं काहीच नाही. वर सगळं डोळ्याला दिसतं ना, मग काय विचारायचं, असा समज. पत्र्यातली वीज मात्र दिसली नाही.

बदललं काय

कंत्राटदाराने माझ्या सांगण्यावरून तीन गोष्टी केल्या. प्रत्येक जोडीला स्पर्श न करता वीज दाखवणारा टेस्टर दिला, आणि ज्या पत्र्याला, हुकला, पाइपला, खांबाला तार लागणार त्याला आधी टेस्टर, कुठे सोलून तार मोकळी करावी लागलीच तर पुन्हा एकदा टेस्टर. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून बघायचा, कारण सेल संपलेला टेस्टर सगळीकडे "वीज नाही" असंच सांगतो. दुसरं, घरात शिरल्यावर "मेन बंद करा" एवढंच न म्हणता इन्व्हर्टर, जनरेटर, सोलर यातलं काय काय आहे ते विचारायचं आणि बंद केल्यावर एक पंखा, एक बल्ब स्वतः बघायचा. तिसरं, हुकला तार पिळायची नाही, प्लॅस्टिकचा ग्रिप क्लॅम्प लावायचा, म्हणजे केबलचं कव्हर सोलावंच लागत नाही.

चौथी गोष्ट मी सांगितली होती ती अजून झालेली नाही. स्टीलऐवजी एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकच्या) काडीची केबल घ्यायची, तिच्यात धातूच नाही, मग वीज वाहायचा प्रश्नच मिटला. मीटरमागे ती थोडी महाग पडते आणि खांबाला बांधायला वेगळे क्लॅम्प लागतात. त्यावर कंत्राटदाराचं म्हणणं असं की गोदामात स्टीलवाल्या केबलचे रोल पडलेत ते आधी संपू देत. काकांच्या घरी मात्र दसऱ्याच्या सुमाराला कनेक्शन दिलं ते एफआरपीवाल्या केबलने, काकींनी तशी अटच घातली, नाहीतर शेडला हात लावू देणार नाही म्हणाल्या.